परसबाग आणि पोथी

आमच्या इतिहासाचीं साधनें म्हणून सनदा, महजर, बखरी, शकावल्या व ताम्रपट यांचा परामर्श घेण्याची चाल आतां दृढ झाली आहे, व ती योग्यच आहे. परंतु ज्या घरांत हीं दप्तरें राहिलीं त्या घरांच्या मागील दारीं काय उगवत होतें, कोणती भाजी घरच्या घरीं मिळत असे, मूल खोकूं लागलें असतां गृहिणीचा हात कोणत्या झाडाकडे जात असे, हा प्रश्न इतिहासकारांनीं क्वचितच विचारला आहे. राज्यें कोणीं मिळविलीं व कोणीं घालविलीं हें जाणणें जसें अवश्य, तसेंच तीं राज्यें चालविणारीं माणसें काय खात होतीं व दुखण्याखुपण्यांत काय करीत होतीं हेंहि जाणणें अवश्य आहे. प्रस्तुत लेखांत परसबागेचा विचार आम्ही दोन अंगांनीं करणार आहों. परसबागेविषयीं जुन्या ग्रंथांत व कागदांत कोणता पुरावा सांपडतो, हें एक अंग. आणि त्या ग्रंथांचा अर्थ लावण्यास परसबाग स्वतःच कशी पुरावा होते, हें दुसरें. दुसरें अंग आमच्या मतें अधिक महत्त्वाचें आहे. कारण तें साधन आमच्या डोळ्यांदेखत नाहींसें होत आहे.

(१)

गृहोद्यानाचें सर्वांत रेखीव वर्णन ज्या संस्कृत ग्रंथांत आहे, तो ग्रंथ या कामासाठीं सहसा कोणी उघडीत नाहीं. तो म्हणजे वात्स्यायनाचें कामसूत्र. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाचें तिसरें शतक धरतात. त्यांतील भार्याधिकारिक नांवाच्या चौथ्या अधिकरणांत गृहिणीचीं कर्तव्यें सांगतांना ग्रंथकार तिला वाफे करून हिरव्या भाज्या, उसाचीं बेटें, जिरें, मोहरी, अजमोदा व शेपू लावावयास सांगतो. आवळा, मोगरा, जाई, कोरांटी, तगर व जास्वंद लावावयास सांगतो. वाळा लावावयास सांगतो. आणि मध्यभागीं विहीर किंवा तळें असावें असें म्हणतो. पुढें मुळा, पालक, दवणा, काकडी, वांगें, कोहळा, दुध्या भोपळा, सुरण, लसूण, कांदा इत्यादिकांचें बीं वेळच्या वेळीं जमवून वेळच्या वेळीं पेरावें, असें तो सांगतो. याच यादींत स्वयंगुप्ता म्हणजे खाजकुहिली व अग्निमंथ म्हणजे ऐरण हींहि येतात. हीं दोन्ही औषधी होत. तेव्हां स्वयंपाकाची बाग निराळी व औषधाची निराळी असा भेद त्या काळच्या घरीं नव्हता. एकाच कुंपणाच्या आंत दोहोंची सोय होती.

या उताऱ्याशेजारीं कौटिलीय अर्थशास्त्रांतील सीताध्यक्षाचें प्रकरण ठेवून पाहावें. हा ग्रंथ म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध केला, हें वाचकांस विदितच आहे. राजाच्या शेतीवरील या अधिकाऱ्यानें धान्यें, फुलें, फळें, भाज्या, कंद, मुळें व वेलीचीं फळें यांचीं बियाणीं योग्य काळीं गोळा करावीं, अशी तेथें आज्ञा आहे. जें काम राजाच्या शेतांत पगारी अधिकारी करी, तेंच काम घरच्या परसांत गृहिणी करीत असे. अधिकाऱ्याच्या कामाचे हिशेब होत असतील. गृहिणीचें बीं मात्र गाडग्यांत, फडक्याच्या गांठींत किंवा चुलीवरच्या धुरांत टांगलेल्या कणसांत राहिलें. त्याचा कागद झाला नाहीं. म्हणूनच तें इतिहासाच्या दृष्टीस पडलें नाहीं.

वृक्षायुर्वेदावरील स्वतंत्र वाङ्मय यानंतरचें. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत या विषयास एक अध्याय दिला. सुरपालाचा वृक्षायुर्वेद ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयांतील हस्तलिखितावरून इंग्रजी भाषांतरासह इ. स. १९९६ मध्यें सिकंदराबाद येथून प्रसिद्ध झाला. शार्ङ्गधरपद्धतींतील उपवनविनोद हें प्रकरण इ. स. १३६३ च्या सुमाराचें. या ग्रंथांत जमिनीची परीक्षा, रोप लावण्याच्या ऋतु, झाडांचे रोग व त्यांवरील उपाय हीं सर्व आहेत. परंतु त्यांचा यजमान बहुधा राजा किंवा श्रीमंत आहे. मांस, चरबी, हाडें वगैरे पाण्यांत शिजवून व आंबवून केलेलें कुणपजल हें त्यांचें आवडतें खत. सामान्य गृहस्थाच्या परसांत असल्या द्रव्यांस जागा नव्हती. तेथें चुलीची राख, भांडीं धुतलेलें पाणी व गोठ्यांतील शेण यांवरच काम चाले.

(२)

हें नुसतें अनुमान नव्हे. मराठी राज्यकारभाराचा जो प्रसिद्ध ग्रंथ आज्ञापत्र, त्यांत याचा लेखी पुरावा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेला हा ग्रंथ इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचा. त्यांतील दुर्गप्रकरण अभ्यासकांनीं तट, बुरूज, पाणी व दारूगोळा यांसाठीं अनेकदां वाचलें आहे. त्याच प्रकरणांत गडाच्या स्वच्छतेविषयीं एक बारीक आज्ञा आहे, तिजकडे मात्र पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. गडावर वाटांत व बाजारांत केर पडूं देऊं नये. झाडलेला केर गडाखालींहि टाकूं नये. तो जागच्या जागीं जाळावा, त्याची राख परसांत घालावी व घरोघर होईल ती भाजी करवावी, असा तिचा आशय आहे.

एवढ्या लहान आज्ञेंत किती गोष्टी सामावल्या आहेत पाहा. पहिली, गडावरील घरांना परसें होतीं व तीं घरोघर होतीं. दुसरी, केराची विल्हेवाट व भाजीची पैदास हीं एकाच सूत्रांत बांधलीं होतीं. तिसरी, भाजीपाला ही कारभाराच्या दृष्टीनें क्षुल्लक बाब नव्हती. गडाला वेढा पडला म्हणजे धान्य कोठारांत असतें, परंतु हिरवी भाजी कोठारांत ठेवतां येत नाहीं; ती दाराशीं उगवली तरच मिळते. ताजा भाजीपाला दीर्घकाळ न मिळाल्यास हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येतें व अंगांतील बळ जातें, हें आजचें वैद्यक सांगतें. चौथी गोष्ट मातीसंबंधीं. सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील जांभ्या मातींत आम्लता असते; लांकडाच्या व पालापाचोळ्याच्या राखेंत चुना व पालाश असून ती क्षारधर्मी असते. आम्ल मातींत राख मिसळल्यानें भाज्यांस लाभ होतो, हें आजच्या कृषिशास्त्रासहि मान्य आहे. त्याच ग्रंथांत आंबा, फणस इत्यादि झाडें रयतेनें बहुत वर्षें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, तीं बळानें तोडूं नयेत, अशीहि सक्त ताकीद आहे. झाड लावणाऱ्याचें सुखदुःख जाणणारा कारभारी भाजीच्या वाफ्याकडेहि लक्ष देतो, यांत नवल नाहीं.

(३)

आतां दुसऱ्या अंगाकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसाव्या अध्यायांत अन्नाचे बारा वर्ग केले आहेत. त्यांत शाकवर्गाहून निराळा असा एक हरितवर्ग आहे. आलें, मुळा, तुळस, ओंवा, शेवगा, कोथिंबीर, कांदा, लसूण अशीं, मुख्यतः ओलीं व ताजीं खावयाचीं द्रव्यें त्यांत येतात. आजच्या घराच्या परसांतील अर्धींअधिक झाडें या एका वर्गांत सांपडतात. परंतु ‘सांपडतात’ असें आम्ही सहज म्हणतों तेव्हां त्यामागें एक गृहीत असतें: पोथींतील नांव व दाराशीं असलेलें झाड हीं एकच, हें आम्हांस ठाऊक आहे. तें आम्हांस कसें ठाऊक झालें? पोथींत चित्र नाहीं. निघंटूंत नांवें आहेत, गुण आहेत, पर्याय आहेत, झाड नाहीं.

अमरकोशांतील वनौषधिवर्ग पूर्वीं मुलांकडून पाठ करवून घेत. त्यांत गुळवेलीस छिन्नरुहा असें नांव आहे. तोडली तरी वाढणारी, असा त्याचा विग्रह विद्यार्थी चटकन सांगे. परंतु त्या नांवाचें मर्म ज्यानें कुंपणावरची गुळवेल पाहिली आहे त्यालाच कळतें. तिचा तुकडा तोडून उंच फांदीवर अडकवून ठेवला, तरी तो वाळत नाहीं. त्यांतून सुतासारखीं मुळें खालीं जमिनीकडे लोंबूं लागतात. पुनर्नवा म्हणजे घेटुळी उन्हाळ्यांत वाळून जाते व पहिल्या पावसांत जुन्या मुळांतून पुन्हा नवी होते. म्हणून ती पुनर्नवा व म्हणूनच वर्षाभू. हीं नांवें म्हणजे निरीक्षणाचीं टिपणें आहेत. ज्यावरून तीं टिपलीं तें झाड समोर नसेल, तर टिपण मुकें होतें.

राजनिघंटूचा कर्ता नरहरि हा या बाबतींत फार जागरूक होता. हा ग्रंथ धन्वंतरीय निघंटूसह पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १८९६ मध्यें छापला. वनस्पतींचीं नांवें सात कारणांनीं पडतात असें नरहरि म्हणतो. रूढि, प्रभाव, देशी बोली, अंगावरील खूण, उपमा, वीर्य, व दुसऱ्या वस्तूच्या नांवाचा अतिदेश, हीं तीं सात. शिवाय आपण अर्थाची फोड कर्नाटकी व महाराष्ट्री बोलींतील नांवें देऊन केली आहे, असेंहि तो सांगतो. संस्कृत नांवाचा निश्चय करण्यास संस्कृत पुरत नाहीं, लोकांच्या तोंडचें नांव लागतें, ही कबुली एका संस्कृत कोशकारानें दिली आहे. चरकानेंहि गुराखी, मेंढपाळ व वनचर हे ओषधींस नांवानें व रूपानें ओळखतात, असें म्हटलें आहे. मात्र ओषधीचा योग जाणणारा वैद्य निराळा, असेंहि तो लगेच बजावतो.

(४)

लोकांच्या तोंडचें नांव व दारचें झाड यांची सांगड सुटली म्हणजे काय होतें, याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. ब्राह्मी म्हणून महाराष्ट्रांतील पुष्कळ घरीं जी जमिनीवर पसरणारी, गोल पानांची वनस्पति लावतात, ती मंडूकपर्णी होय. पाणथळ जागीं वाढणारी, लहान जाड पानांची जलब्राह्मी निराळी. चरकसंहितेंत ब्राह्मी व मंडूकपर्णी यांचा उल्लेख निरनिराळा आहे. शंखपुष्पी या एका नांवानें उत्तरेंत एक, केरळांत गोकर्ण, व कांहीं ठिकाणीं विष्णुक्रांता घेतात. रास्नेचीहि तीच गत आहे. पाषाणभेद म्हणून कित्येक घरीं कुंडींत पानफुटी असते. पानाच्या कडेला नवीं रोपें फुटणारी ही वनस्पति मूळची मादागास्करची. तेव्हां प्राचीन संहितांतील पाषाणभेद ती असणें शक्य नाहीं. ज्या पानओंव्याचीं भजीं आपण करतों तोहि आफ्रिकेंतून आलेला आहे. परसांत आहे म्हणून जुनें, असें समजणें हाहि एक भ्रमच होय.

उलटपक्षीं, हेंच ज्ञान हस्तलिखितांचा काळ ठरविण्यास उपयोगी पडतें. वास्को द गामा इ. स. १४९८ मध्यें कालिकतास आला व इ. स. १५१० मध्यें गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. मिरची, टोमॅटो, बटाटा, रताळें, पेरू, पपई, अननस, काजू, भुईमूग व तांबडा भोपळा हीं सर्व मूळचीं अमेरिकेचीं; तीं त्यानंतर या देशीं रुळलीं. बटाटा, अननस, काजू, पपई या शब्दांवर पोर्तुगीज भाषेचा शिक्का अद्याप स्पष्ट आहे. म्हणून संस्कृतांतील मरिच म्हणजे मिरी, मिरची नव्हे. वात्स्यायनाच्या यादींतील आलुक म्हणजे कंद खरा, पण बटाटा नव्हे. कूष्मांड म्हणजे कोहळा व अलाबु म्हणजे दुध्या, तांबडा भोपळा कोणताहि नव्हे. एखाद्या पाकशास्त्राच्या पोथींत मिरची निःसंशय आली असेल, तर ती पोथी किंवा निदान तो भाग पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचा मानणें प्राप्त आहे. रघुनाथ नवहस्त यांच्या भोजनकुतूहलाचा काळ कै. प. कृ. गोडे यांनीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ठरविला. अशा ग्रंथांतील भाज्यांच्या याद्या या दृष्टीनें बारकाईनें तपासण्यासारख्या आहेत. नाण्यावरील अक्षरांप्रमाणें वाफ्यांतील भाजीलाहि शक असतो.

(५)

पोथी व झाड यांची गांठ योग्य वेळीं घालून ठेवल्यास केवढें काम होतें, याचें एक उत्तम उदाहरण मलबारचें आहे. कोचीन येथील डच सत्तेचा अधिपति हेंद्रिक व्हान रीड यानें तेथील वनस्पतींचा जो ग्रंथ करविला, तो होर्तुस मलबारिकुस या नांवानें ॲम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत बारा खंडांत छापला गेला. ओषधींची माहिती मुख्यतः इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यानें सांगितली. त्याचबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मणांनीं साह्य केलें. त्यांचें देवनागरींतील कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडांत छापलेलें असून देवनागरीच्या अगदीं आरंभींच्या मुद्रणांत त्याची गणना होते. या कामांत ताजी वनस्पति आणून तिचें चित्र काढीत व चित्रावर लोकांतलें नांव निरनिराळ्या लिपींत कोरीत. सातशेंहून अधिक वनस्पति अशा रीतीनें नोंदल्या गेल्या. त्यामुळेंच तीन शतकांनंतर का. सु. मणिलाल यांना त्या ओळखतां आल्या व त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठास इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध करतां आलें. आमच्या निघंटूंस असें भाग्य लाभलें नाहीं. त्यांचीं चित्रें आमच्या परसांत होतीं.

नांवाचा घोटाळा हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय आहे, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. इ. स. २०२० च्या महामारींत गुळवेलीचा काढा घरोघर घेतला जाऊं लागला. पुढील वर्षीं मुंबईंतील डॉक्टरांनीं गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या कांहीं रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर केंद्रीय आयुष मंत्रालयाचें म्हणणें असें पडलें कीं, त्या रुग्णांनीं घेतलेली वनस्पति कोणती हें तपासलेलें नाहीं, व गुळवेलीसारखी दिसणारी तिची भावंड-जातहि आहे. वादाचा निकाल वैद्यांनीं लावावा. आम्हांस त्यांतील एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, प्रश्न शेवटीं नांवावरच येऊन ठेपला. पूर्वींच्या घरांत गुळवेल कोणती, ती कोणत्या झाडावर चढलेली घ्यावी, किती घ्यावी व कोणास देऊं नये, हें सांगणारें वडील माणूस होतें. झाड, नांव व मात्रा हीं तिन्ही एकत्र शिकविलीं जात. आज नांव व झाड दोन्ही बाजारांतून येतात, आणि मात्रा कोणी सांगत नाहीं. सबब घरीं लावलेली ओषधी निरुपद्रवी असतेच असें धरून चालूं नये. जाणत्या वैद्याचा सल्ला घ्यावा.

(६)

तेव्हां संशोधकांचें व हस्तलिखित-संग्राहकांचें कर्तव्य काय? दप्तरें तपासतांना बाडांच्या कोऱ्या पानांवर, पंचांगांच्या समासांत किंवा सुट्या चिटोऱ्यांवर घरगुती औषधांचीं टिपणें आढळतात. राजकारणाचा मजकूर नाहीं म्हणून तीं बाजूस सारण्यांत येतात. तीं सारूं नयेत. प्रत्येक टिपणाची नक्कल घ्यावी. तें कोणत्या घरचें, कोणत्या गांवचें, अक्षर अदमासें कोणत्या काळचें, हें लिहून ठेवावें. त्याच गांवीं जाऊन त्या नांवाची वनस्पति वृद्ध स्त्रियांस विचारावी, कारण हा कोश बहुशः त्यांच्याच जवळ आहे. फुलासह फांदी कागदांत दाबून वाळवावी व तीवर स्थानिक नांव, उपयोगाचें अंग, सांगणाऱ्याचें गांव व तिथि लिहावी. पुण्यांत आघारकर संशोधन संस्था व भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागीय केंद्र येथें वनस्पतिसंग्रह आहेत. त्यांच्याशीं ताडून शास्त्रीय नांव निश्चित करतां येतें. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ओषधिसंग्रह व शंकर दाजी शास्त्री पदे यांचें आर्यभिषक् हीं पुस्तकें पडताळ्यास हाताशीं असावीं.

हें काम असाध्य आहे असें वाटूं नये. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत कोंभाळणें म्हणून गांव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां भाज्यांचीं, कडधान्यांचीं व भातांचीं गांवठी बियाणीं जमवून जतन केलीं, इतरांस पेरावयास दिलीं, व घरोघर परसबागा व्हाव्या म्हणून खटपट केली. इ. स. २०२० च्या सन्मानांत त्यांस पद्मश्री देण्यांत आली. बीं वेळच्या वेळीं जमवून वेळच्या वेळीं पेरावें, ही वात्स्यायनानें गृहिणीस सांगितलेली गोष्ट सतरा-अठरा शतकांनंतर एका सह्याद्रिवासी गृहिणीनें आपल्या हातांनीं चालू ठेवली आहे.

पोथीस कसर लागली तर तिची दुसरी प्रत कोठें तरी सांपडण्याची आशा असते. ओळखणारें शेवटचें माणूस गेलें व परसांत फरशी पडली, म्हणजे त्या नांवाची दुसरी प्रत मिळत नाहीं. ज्यांच्या घरीं रुमाल आहेत, त्यांनीं या पावसाळ्यांत रुमालाइतकेंच परसाकडेहि पाहावें. आणि जें आढळेल त्याची यादी, नमुन्यासह, मंडळाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे.